मेजावरून उचललेली पेटी

मी एक जुनी बाजाची पेटी आहे, मित्रांनो. आता वाजत नाही. भाता फाटला, चामडं सुकलं, पट्ट्या पिवळ्या पडल्या. म्हाताऱ्या माणसाला दोन शब्द बोलायलाही दम लागतो, तसं माझं झालं आहे. तरी माझी हकिगत सांगते. थांबत थांबत सांगेन. कंटाळू नका.

माझं अंग सागाचं, आणि तो साग आदिलाबादच्या रानातला. मला घडवलं मात्र नांदेडच्या दादाजी मिस्त्रींनी. ते एकेका सुराची पितळी पट्टी कानशीनं घासायचे, ओठाशी धरून फुंकायचे, तोंड वाकडं करायचे आणि पुन्हा घासायचे. मोतीरामभाऊ मला न्यायला आले तेव्हा दादाजी म्हणाले, "पोर शहाणी आहे. फक्त धुळीपासून जपा." भाऊंनी मान डोलावली. पण ते मला घेऊन निघाले होते कुठे, तर कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या आवारात!

मोतीरामभाऊ आदिलाबादेत एका जिनिंगमध्ये काट्यावर होते. गाडीगाडीनं कापूस यायचा आणि भाऊ तो तोलायचे. रविवारी मात्र ते आमच्या ख्रिस्ती मंडळीचे कीर्तनकार. पाळकसाहेब महिन्यातून एकदा फिरतीवर यायचे. एरवी उपदेश भाऊंचाच, आणि तोही गाऊन. शास्त्रातली एखादी ओळ घ्यायची, ती घोळवायची, मध्येच थांबून गावातलं एखादं उदाहरण द्यायचं, लोक हसले की हळूच पुन्हा सुरावर यायचं. माझं काम फक्त त्यांच्या मागे मागे चालायचं. असा उपदेश ऐकताना बाया पोरांना रागवायच्या विसरायच्या. नुसतं बोललेलं कानात राहतं, गायलेलं पोटात जातं, हे मी भाऊंच्या मांडीजवळ बसून शिकले.

पण या मंडळीला जागा नव्हती. जिनिंगच्या शेठनं भाऊंच्या शब्दाखातर रिकामं गोदाम दिलं होतं. ते रिकामं असायचं कधी, तर कापूस नसेल तेव्हा. दिवाळी सरली की गोदाम छतापर्यंत भरायचं आणि देवाची माणसं बाहेर. दरवर्षीचा नाताळ आवारात, गाड्यांच्या मध्ये, थंडीत. मागे बैल रवंथ करायचे आणि भाऊ त्या पहिल्या नाताळाचं गायचे:

दार ठोठावी सुतार, संगे बाई अवघडली,
जागा नाही, म्हणे कोणी, वाट गोठ्याची दावली.

ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्या मात्र घशात कापूस जायचा. त्याचे बारीक तंतू पट्ट्यांत अडकले की माझा वरचा सूर खोकल्यासारखा निघायचा. भाऊ हसून म्हणायचे, "खोकून घे माय, मंग पुढं जाऊ."

पुढे शहराला लागून मावल्याकडे विद्यापीठाचं केंद्र आलं. तामसीकडच्या, इंद्रवेल्लीकडच्या खेड्यांतली मुलंमुली शिकायला शहरात राहू लागली. त्यांतली काही रविवारी आमच्याकडे यायची. एका खोलीत चौघं राहणारी ही पोरं. संध्याकाळी टेकायला जागा नाही, वाचायला धड दिवा नाही. आमच्यातल्या वनमालाबाई शाळेत शिकवायच्या. मंडळीचा कारभारही त्याच बघायच्या. त्या एकदा म्हणाल्या, "भाऊ, ही लेकरं गाड्यांमध्ये उभी राहून प्रार्थना करतात. अजून किती वर्षं त्यांना बैलांच्या शेजारी उभं करायचं?"

केंद्राच्या जवळच शामरावांची खानावळ होती. शामराव थकले होते. त्यांना ती विकून लेकीकडे जायचं होतं. लांबलचक खोली, वर कौलं, मागे विहीर. शामराव म्हणाले, "दारूवाला मागून राह्यला जागा. पोरांच्या बाजूला दारू नको, म्हनून तुमाले पयले इचारतो. पन नाताळापातूर पयली रक्कम आना. त्याच्या पुढं माह्यानं थांबनं होत नाही."

त्या दिवसापासून आमच्या पायाला भिंगरी लागली. घरोघरी भाकरी थापण्याआधी बाया मूठभर ज्वारी बाजूला काढू लागल्या, ती देवाची मूठ. भाऊ मला पाठीवर बांधून गावोगाव कीर्तनाला निघाले. बसच्या टपावर मी, बाजूला कोंबड्यांची डाली, वरून ऊन. रस्त्याला खड्डे. परत यायचो तेव्हा माझे सांधे खिळखिळे झालेले असायचे आणि भाऊंचा आवाज बसलेला. त्यांचा घसा त्या वर्षी जो बिघडला तो बिघडलाच. वनमालाबाई आल्याचा काढा द्यायच्या आणि म्हणायच्या, "भाऊ, एक रविवार विश्रांती घ्या." भाऊ म्हणायचे, "दारूवाला घेऊन राह्यला का विश्रांती?"

एवढं करूनही पुरं पडेना. मग आला हंगामाचा सण.

मित्रांनो, या सणाची आमची एक रीत आहे. ती नीट ऐका, कारण माझं पुढचं सारं आयुष्य तिच्यावरच फिरलं. त्या दिवशी लोक आपापल्या शेता-घरातलं काहीतरी देवाच्या मेजावर आणून ठेवतात. कोणी कणसं, कोणी कोंबडी, कोणी कोहळं. मग त्याचा लिलाव होतो. ज्याची बोली वर जाईल तो पैसे देतो, वस्तू हातात घेतो आणि म्हणतो, "परत मेजावर!" की पुन्हा लिलाव. एकच कोहळं सकाळपासून पाच जणांच्या हातून फिरतं. शेवटी त्याची भाजी सगळे मिळून खातात. ही रीत कुठे लिहिलेली नाही. आमच्यातल्या पोरासोरांनाही ती ठाऊक असते, त्यामुळे कोणाला सांगावी लागेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

गोदाम भरायच्या आधीचा तो शेवटचा रविवार. कोहळं फिरलं, कोंबडी फिरली, लोकांचे खिसे रिकामे झाले, तरी मेळ बसेना. तेव्हा भाऊ उठले आणि त्यांनी मला उचलून मेजावर ठेवलं.

"माह्याकडं दुसरं काय हाये?" ते म्हणाले. "लावा बोली."

सगळे हसले, टाळ्या पडल्या. "वाजवून तर दाखवा भाऊ, माल खोटा तर नाही ना!" असं मागून कोणीतरी ओरडलं. भाऊंनी वाजवलं. मीही त्या दिवशी जीव लावून वाजले.

आवारात तामसीचे एक शेतकरी, व्यंकटराव, बैलांना पाणी पाजत होते. आदल्या दिवशी त्यांनी कापूस विकला होता. गाडी रिकामी, खिसा भरलेला. मोतीरामभाऊंची त्यांची काट्यावरची ओळख. व्यंकटराव गावच्या भजनात गाणारे. माझा सूर ऐकून ते बादली तशीच ठेवून आत आले आणि थेट मोठी बोली लावून बसले.

लोकांना वाटलं, भाऊंचा पाहुणा, त्याला रीत माहीत असणार. मग काय, गंमत म्हणून जो तो बोली चढवू लागला. व्यंकटरावांनाही चेव आला. "मी हटत नाही!" असं म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली. वनमालाबाईंनी "एकदा, दोनदा, तीनदा!" म्हटलं. व्यंकटरावांनी नोटा मेजावर ठेवल्या. सगळे टाळीसाठी हात वर करून थांबले. आता ते म्हणणार, "परत मेजावर!"

व्यंकटरावांनी मला धोतराच्या सोग्यानं पुसलं, खांद्यावर घेतलं आणि ते गाडीकडे चालू लागले.

वर गेलेले हात तसेच राहिले. वनमालाबाई धावत निघाल्या. भाऊंनी त्यांना अडवलं.

"भाऊ, त्यांना रीत माहीतच नाही! मी सांगते ना नीट."

"काय सांगता बाई? पैसे बी ठेवा अन पेटी बी ठेवा, असं कोन्या तोंडानं म्हनता?"

"मग पैसे परत देऊ."

"अन शामरावले काय द्याचं? कोहळं?"

बाई रडू लागल्या. भाऊ हळूच म्हणाले, "मानसानं इमानानं घेतली. देवाच्या मेजावर ठेवली तवाच ते माही नाही राह्यली."

एवढंच माझ्या कानावर पडलं. मग बैलांच्या घुंगरांत त्यांचा आवाज बुडाला. मी मागे पाहिलं नाही. पेटीला मागे बघता येत नाही.

तामसीत मला वाईट वागणूक मिळाली असं मी म्हणणार नाही. व्यंकटरावांनी माझ्यासाठी रेशमी खोळ शिवली. दर एकादशीला मी भजनात वाजायचे. "पेटी असावी तर अशी," असं लोक म्हणायचे आणि व्यंकटरावांची छाती फुगायची. पण खरेदीला गेलेल्या कोणाच्या तोंडून कळलं होतं, की खानावळ मंडळीनं घेतली. मला एवढंच वाटायचं, की माझ्या मोलानं जे छप्पर उभं आहे ते एकदा बघायला मिळावं. तिथे भाऊ आता कोणत्या सुरावर गात असतील?

मग दिवस फिरले. गावात कॅसेट आली, भोंगा आला. बटण दाबलं की भजन सुरू. बसायला माणसं येईनात. व्यंकटरावांच्या बोटांत संधिवात शिरला. मला माळ्यावर टाकलं, सरकीच्या पोत्यांमागे. पहिल्या वर्षी रेशमी खोळ उंदरांनी नेली, पुढे भाता. आधी मी हाकेची वाट पाहिली. नंतर तीही पाहिली नाही.

एका दुपारी माळ्यावर शिडी लागली. खालून व्यंकटरावांच्या पत्नी विमलबाई ओरडत होत्या, "या वयात काऊन चढून राह्यले? हाडं मोडून घेता काय? उंदराचं घर हाये ते!"

"मोडू दे! दुसऱ्याची वस्तू इतकी वर्सं घरात ठेवली ना मी!"

"दुसऱ्याची कशी? पैसे मोजून आनली ना तुमी?"

व्यंकटराव शिडीवरच बसले. ते त्या सकाळी डोळे दाखवायला शहरात गेले होते. मावल्याकडून येताना गाणं ऐकू आलं म्हणून मंडळीच्या त्या जागेत टेकले. तिथे हंगामाचा सण चालू होता. एक दुधी भोपळा विकला जात होता आणि घेणारा जो तो "परत मेजावर" म्हणत होता.

"मी बाजूच्या पोराले इचारलं, काऊन परत देऊन राह्यले बा? तो हसला. म्हने, काका, इथं घरी नेत नसतात, इथं फक्त देतात." व्यंकटरावांनी माळ्याकडे पाहिलं. "विमल, मी घेऊन आलो होतो गं. सगळ्यांच्या पुढून. अन एका मानसानं मले टोकलं नाही."

विमलबाईंनी खालून शिडी धरली. मग म्हणाल्या, "उतरवा ते खाली. पुसून देते. घानेरडी नका नेऊ."

पुढच्या रविवारी मी पुन्हा बसच्या टपावर चढले. ऊन तेच, खड्डे तेच. मीच ती नव्हते.

आणि मित्रांनो, मी ती जागा पाहिली. कौलं बदललेली. चुलीकडच्या भिंतीचा काळा डाग चुन्याखालूनही दिसतो. खिडकीपाशी बाक आणि त्यावर पोरांची जाडजूड पुस्तकं. विजेवर चालणारी एक नवी, चकचकीत पेटी. आणि शेवटच्या बाकावर मोतीरामभाऊ, वाळून काठी झालेले. त्यांचं कीर्तन केव्हाच बंद झालं होतं. गाण्याजोगा आवाजच उरला नव्हता.

व्यंकटरावांनी मला मेजावर ठेवलं. "परत मेजावर," ते म्हणाले आणि हात जोडून उभे राहिले.

वनमालाबाईंनी डोळे पुसले. "व्यंकटराव, मेजावर ठेवली म्हणजे पुन्हा लिलाव करावा लागेल हं."

"नाही बाई! मी आता या मेजापुढं तोंड उघडत नाही!"

सगळे हसले. भाऊ काठी टेकत आले. माझ्याकडे पाहिलं, व्यंकटरावांकडे पाहिलं. "आमीच सांगाले पायजे होतं," ते म्हणाले. "लाजलो. तुमचा काय गुन्हा?"

मग ते माझ्यासमोर बसले. भाता ओढला. नुसता वारा निघाला. पुन्हा ओढला. फुस्स. तरुण मुलं खाली बघू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाऊंनी मान वर केली. "व्यंकटराव, तुमी सूर धरा."

"मी? मले भजनाच्याच चाली येतात."

"मले बी दुसरं काय येते? धरा."

व्यंकटरावांनी डोळे मिटले आणि खर्जात सूर धरला. भाऊंनी बोटं माझ्या मुक्या पट्ट्यांवर ठेवली आणि फाटक्या आवाजात गाऊन उपदेश सुरू केला. जिथे आवाज तुटायचा तिथे बाकावरची पोरं उचलून धरायची. माझं काम त्या दिवशी माणसांनी केलं. भाऊंची बोटं मात्र माझ्यावरच होती.

आता मी खिडकीपाशी असते. दुरुस्त करू म्हणतात. झाले तर झाले. मला घाई नाही.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझ्यासारखं कोणी असेल. त्याला खाली उतरवा. वाजलं नाही तरी चालेल, हात तेवढा ठेवा. आणि घरी परका माणूस आला तर आपली रीत त्याला तोंडानं सांगा. लाजून गप्प राहू नका. त्या दिवशीच कोणी सांगितलं असतं, तर भाऊंना आणि व्यंकटरावांना एकत्र गायला किती सुरेख जमलं असतं, तेही दोघांचे आवाज चांगले होते तेव्हाच.