गंगा धावत ओलांडली

कोलकात्यातल्या मराठी मंडळींनी महिनाभराची ऑनलाइन धावण्याची स्पर्धा ठेवली होती आणि नोंदी तपासायचं काम शकुनकडे होतं. पहिल्या नंबरावर होते खिदिरपूरचे अडुसष्ट वर्षांचे श्यामराव, दुसरी ती स्वतः. त्यांचा ॲपवरचा नकाशा उघडताच तिचं डोकं फिरलं. धावण्याची रेघ सरळ नदीवरून पलीकडे गेली होती. तिने तडक फोन लावला.

“काका, गंगा धावत ओलांडलीत की काय?”

“अगं, लाँचमध्ये बसलो आणि ॲप बंद करायचं राहिलं,” ते हसत म्हणाले. “काप की तेवढं! पहिली तू आलीस, छानच झालं.”

त्या मोकळ्या हसण्याने शकुन वरमली. सगळ्यांचे नकाशे तपासले, स्वतःचा मात्र नाही. तिने तो उघडला, तर दिव्याखालीच अंधार! मंगळवारी सॉल्ट लेकमधून ती ताशी चाळीसच्या वेगाने ऑफिसला धावली होती. ऑटोतून.

तिने पुन्हा फोन केला. “काका, ऑटोत ॲप बंद करायला मीही विसरले हो. माझेही चार किलोमीटर कापलेत. पहिले तुम्हीच.”

“छे! पहिला लाँचवाला, दुसरा ऑटोवाला,” श्यामराव म्हणाले. “आपण दोघं टाळ्या वाजवायला जाऊ.”