अबोलबाबांच्या दाराची कडी

मी कडी बोलतेय. टेकडीवरच्या एका दगडी खोलीच्या दाराला बसवलेली, वीतभर लांबीची लोखंडी कडी. पुढे सरकायचं आणि मागे सरकायचं, एवढंच माझं आयुष्य. त्यातलं मागे सरकणं तर फारच थोडं वाट्याला आलं.

मला एका तापट लोहाराने घडवलं. घडवून घेणारा माणूस शिंपी होता. बायको गेली तसं त्याने दुकान मोडलं आणि मेंढपाळांनी सोडून दिलेली ही खोली राहायला घेतली.

"कडी आतून हवी," तो लोहाराला म्हणाला. "लोक सांत्वनाला येतात आणि उठायचं नावच घेत नाहीत."

"मग कडी कशाला? कुत्रा पाळा की!" लोहार म्हणाला. पण मला त्याने मन लावून घासलं. दोन बोटांनी सरकवावी अशी.

पहिल्याच आठवड्यात शिंप्याची दाढ सुजली. गालाला फडकं बांधून तो दारात बसला असताना गावातले दोघे-तिघे आले. त्यांनी नाही नाही ते विचारलं, याने नुसती मान हलवली. झालं! टेकडीवरच्या माणसाने बोलणं सोडलंय, अशी गावभर बातमी. दाढ आठ दिवसांत बरी झाली, पण 'अबोलबाबा' हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

खरं सांगू? आत तो अखंड बोलायचा. चुलीशी, सुईशी, माझ्याशीसुद्धा. झोपताना मला लावून म्हणायचा, "चला, आजचा दिवस संपवला."

हळूहळू लांबलांबून माणसं येऊ लागली. हातभर खिडकीपाशी बसून आपली रडगाणी सांगायची. तो ऐकून घ्यायचा, कारण उठून जायला त्याला दुसरी खोलीच नव्हती. खाली गावात दोन खाणावळी निघाल्या, पायवाटेचा रस्ता झाला. गावचे पुढारी छाती काढून चालू लागले.

त्याला जुन्या नावाने हाक मारणारी एकच उरली होती, रोज दूध घालणारी दूधवाली. एकदा तिने खिडकीतून निरोप सांगितला. "शिंपीदादा, तुमच्या थोरल्या बहिणीने अंथरूण धरलंय. नदीपलीकडून माणूस आला होता. तुमचीच आठवण काढतात म्हणे."

त्याने लगेच पिशवी भरायला घेतली. तेवढ्यात पुढारी आले.

"बाबा, तुम्ही गेलात तर गावाने काय करायचं?"

"मी यायच्या आधी काय करत होता?"

त्याचं बोलणं ऐकून पुढारी दचकलेच. मग हात जोडून म्हणाले, "चार दिवस थांबा. आम्हीच तुम्हाला पोचवू."

दुसऱ्या दिवशी तो झऱ्यावर गेला असताना त्यांनी लोहाराला वर आणलं. मला आतून काढून बाहेरून ठोकलं. लोहाराने मान वर केली नाही. एक खिळा तर त्याने तीनदा वाकडा मारला.

"बाबांच्या रक्षणासाठी," पुढाऱ्यांनी जमलेल्यांना सांगितलं. तो परत येऊन आत गेला आणि त्यांनी मागून मला ओढून लावलं.

त्याने दार ठोठावलं, हाका मारल्या, शिव्या दिल्या. बाहेरचे म्हणाले, आज बाबा प्रसन्न आहेत! मला कुलूप नव्हतं, कधीच नव्हतं. रोज पन्नास माणसं यायची, पण कोणाचा हात पुढे झाला नाही. ज्याने मला घडवून घेतलं त्यालाच मी कोंडलं होतं. आतून त्याची नखं लाकडावर फिरायची आणि मी जागची हलू शकत नव्हते.

सहाव्या दिवशी, भर दुपारी, सगळे जेवायला खाली गेलेले. दूधवालीने चरवी खाली ठेवली, इकडेतिकडे पाहिलं आणि मला खसकन मागे ओढलं.

तो डोळे किलकिले करत बाहेर आला. "तुला त्रास होईल गं."

"माझं मी बघते. निघा तुम्ही, होडी सुटेल."

चार पावलं जाऊन तो वळला. "कडी लाव. उघडं दिसलं तर पहिलं तुलाच विचारतील."

तिने मला रिकाम्या खोलीवर लावून टाकलं.

संध्याकाळी पुढाऱ्यांनी खिडकीतून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग फळी मागवून खिडकी ठोकून घेतली आणि जाहीर केलं, "आजपासून बाबा कुणाला दिसणार नाहीत." दूधवाली तिथेच उभी होती. तिची आणि पुढाऱ्यांची नजरानजर झाली. दूध मात्र रोज येत राहिलं.

दोन महिन्यांनी ती दाराला टेकून पुटपुटली, मलाच सांगितल्यासारखं. "पोचले हो. बहीण उठून बसली आणि आधी भांडली म्हणे, इतकी वर्षं कुठे मेला होतास म्हणून. आता तिथेच आहेत. शिवणकाम करतात."

त्याला किती वर्षं झाली! दूधवाली गेली, पुढारी गेले. माणसं अजून येतात. परवा एक बाई दाराला कपाळ टेकून घटकाभर रडली, सुनेचं सांगत होती. उठली तेव्हा हलकी होऊन गेली. बाई गं, आत जाळी आणि धूळ आहे फक्त, हे मी तुला कशी सांगू?

मी गंजत चाललेय. अजून एक-दोन वर्षांनी अशी घट्ट बसेन की कोणाच्या बापाला हलायची नाही. तोवर कोणीतरी हात पुढे करा. देवाशपथ, कोणी रागावणारं नाही आत. एकदा मागे ओढा मला.