शेवटचा माणूस येईपर्यंत

आमच्या चालणाऱ्या गटाचा एकच नियम होता आणि तो कुठे लिहून ठेवलेला नव्हता. वाट जिथे फुटेल तिथे सर्वांत पुढे चालणाऱ्याच्या मागोमाग जो असेल त्याने उभं राहायचं. मागून येणाऱ्यांना हाताने खरी वाट दाखवायची आणि शेवटचा माणूस येईपर्यंत जागचं हलायचं नाही. अशा उभ्या माणसाला आम्ही खांब म्हणायचो आणि शेवटच्या माणसाला शेपूट. शेपटाच्या गळ्यात लाल रुमाल असायचा. तो दिसला की खांबाची सुटका.

कित्येक वर्षं तो रुमाल माझ्या बायकोच्या गळ्यात होता. गटात जायची हौस तिची, मी आपला तिच्यामागून ओढला गेलो. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझा जन्म गेलेला. पायांचा उपयोग खुर्चीखाली घडी करून ठेवण्यापलीकडे असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. त्यामुळे पहिल्या दिवसापासून मी सगळ्यांच्या मागे. इतक्या वेळा थांबायचो की गटातल्या दाताच्या डॉक्टरांनी माझं नाव स्वल्पविराम ठेवलं. मी मागे आणि माझ्याही मागे ती. तिच्या बुटांच्या नाड्या फार सुटायच्या. चढावर मला धाप लागली की नेमकी तिची नाडी सुटायची. ती वाकायची आणि मी उभा राहून दम घ्यायचो.

"एवढा संसार केलास, पण एक गाठ धड मारता येत नाही तुला," मी म्हणायचो.

"नाही येत. काय करायचंय?"

ती दवाखान्यात औषधांच्या खिडकीत कामाला होती. तिचे आवाज दोन होते. एक खिडकीतला, परक्या माणसासाठी. मऊ, हळू. "जेवणाआधी घ्या हं. जपून जा." दुसरा घरचा, तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा. आमच्या मुलीच्या आणि माझ्या वाट्याला हा दुसरा आला. कधी कधी मला खिडकीपुढे रांगेत उभ्या असलेल्यांचा हेवा वाटायचा.

मग ती विसरायला लागली. आधी गॅसवरचं दूध, मग घराची किल्ली, मग मुलीचं नाव. एकदा माझा चष्मा फ्रिजमध्ये सापडला. आम्ही दोघंही खूप हसलो. फ्रिजचं दार लावलं तेव्हा ती अजून हसत होती आणि मला हसू येईना. पण रविवारी बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरून शेतांच्या कडेची वाट धरली की ती सावरायची. चिखल कुठे असतो, कुठल्या फाटकाला कडीऐवजी दोरी आहे, सगळं तिच्या पायांना पाठ होतं. निघताना माणसं मोजायची ती बोटांवर, आणि चुकायची नाही. त्या रविवारच्या आशेवर मी बाकीचा आठवडा ढकलत होतो.

एका रविवारी मात्र ती खांबासमोरून भलत्याच वाटेला लागली. लगेच सापडली, पण गटात कुजबुज झाली. गटाच्या पुढे चालणारे गृहस्थ जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना होकायंत्र म्हणतो. ते आमच्या घरी आले. चहा गार होईपर्यंत हवेबद्दल बोलले. मग तो गार चहा एका दमात पिऊन टाकला.

"वहिनींकडचा तो रुमाल," ते म्हणाले. "म्हणजे शेवटी माणसांची जबाबदारी असते हो."

"काढून घेऊ नका," मी म्हणालो. कुणाकडे काही मागायची मला सवय नाही. माझा आवाज मलाच परका वाटला. "तेवढं एकच तिला अजून नीट येतं. तेही गेलं तर मग..."

होकायंत्र कपाच्या कानाशी चाळा करत राहिले. "या रविवारी बघू. आपल्या गटातल्या नर्सबाई त्यांच्यासोबत राहतील. पण तुम्ही माझ्यामागे चालायचं. तुम्ही जवळ असलात की त्यांचं सगळं तुम्हीच निभावता. मग आम्हाला कळायचं कसं? नीट पार पडलं, तर रुमाल त्यांचाच."

त्या रविवारी मी त्यांच्यामागे धापा टाकत चाललो होतो. टेकडीच्या पायथ्याशी वाट फुटते. डावी दगडांच्या खाणीकडे जाते, उजवी वर पाण्याच्या टाकीकडे. होकायंत्रांनी वळूनही न बघता बोट खाली केलं. "खांब." मी तिथे उभा राहिलो. डोक्यावर उन्हाची टोपी, हात उजवीकडे. आपण दुकानाबाहेरच्या पुतळ्यासारखे दिसत असू, असं वाटत राहिलं.

एकेक जण येऊन वर गेला. दाताचे डॉक्टर थबकले. "काय हो, स्वल्पविरामाचा पूर्णविराम झाला?"

"तोंड मिटून चढा डॉक्टर, दम लागेल."

"आयुष्यभर लोकांना आ करा म्हणत आलो, आता कुठे मिटायला सांगता!"

ते गेल्यावर सगळं शांत झालं. आणि मग खालच्या वळणावर लाल रुमाल दिसला. ती डबक्याला वळसा घालून येत होती. कुंपणाची तार तिनेच हाताने उचलून धरली होती आणि नर्सबाई खालून वाकून येत होत्या. मला एवढा आनंद झाला की खांबाने हलायचं नसतं, हे विसरून मी दोन पावलं पुढे गेलो. मग परत जागेवर येऊन उभा राहिलो.

ती जवळ आली. थांबली. बोटांवर काहीतरी मोजलं.

"फार वेळ उभे आहात हो," ती म्हणाली. "पाय भरून आले असतील. बसा ना त्या दगडावर."

तो खिडकीतला आवाज होता.

"चल," मी म्हणालो. "तूच शेवटची. निघू या."

परक्या माणसाने एकदम अरेतुरे करावं तशी ती किंचित मागे सरली. "निघायचं कसं? एक जण यायचाय अजून. आमचे हे मागे राहिलेत."

"अहो वहिनी, हे काय, हेच तर..." नर्सबाई बोलून गेल्या. तिच्या चेहऱ्यावर भीती उमटायला लागली. मला ते बघवेना. मी नर्सबाईंना मानेनेच नको म्हटलं.

"दिसायला कसे आहेत?" मी विचारलं.

"तुमच्याच वयाचे. तुमच्यापेक्षा जरा बरे." ती हसली. "वाटेवर बारीक अक्षरात काही छापलेलं असावं, असं बघत चालतात. घरी मी फार ओरडते त्यांना. पण माणूस सोन्यासारखा. मी आजारी होते तेव्हा उशाशी बसून वाचून दाखवायचे. मला डोळा लागायचा तरी यांचं आपलं चालूच." मग तिने जवळ येऊन आवाज खाली आणला. "तुम्हाला म्हणून सांगते. त्यांना चढ झेपत नाही. पण मानी आहेत, थांबू या असं तोंडाने म्हणणार नाहीत. म्हणून मी आपली नाडी बांधायला वाकते. नाडी काही सुटलेली नसते."

"त्यांना कळलं नाही कधी?"

"छे! चुका शोधायची नोकरी केली जन्मभर, आणि एवढं दिसत नाही." तिने नर्सबाईंकडे चोरून बघितलं. "बोलू नका हं कुणाजवळ."

"नाही बोलणार."

नर्सबाई शेताकडे तोंड करून उभ्या होत्या.

"मी जरा मागे जाऊन बघतो," मी म्हणालो.

"बघा बरं. पण मोठ्याने हाक मारू नका. दचकतात ते."

मी वळणापलीकडे, झुडपांच्या आड जाऊन उभा राहिलो. चष्मा पुसला. आता परत गेलो आणि तिने पुन्हा बसायला दगड दाखवला, तर मी काय करणार होतो? दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून टोपी काढून खिशात कोंबली आणि वाटेवरची बारीक अक्षरं वाचत वर चालू लागलो.

"अहो! होतात कुठे?" घरचा आवाज आला. तापला तवा. "लोकांनी काय दिवसभर ताटकळत उभं राहायचं तुमच्यासाठी?"

"दम लागला," मी म्हणालो. "मला चढ झेपत नाही."

हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग वाकली आणि बुटाच्या नाडीशी खटपट करू लागली. मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. नाडीला दुहेरी गाठ होती, घट्ट.

ती उठली आणि तिने आजूबाजूला पाहिलं.

"इथले ते गृहस्थ कुठे गेले?"

"ते पुढे गेले, वहिनी," नर्सबाई म्हणाल्या.

"असे कसे जातील? शेपूट पुढे गेल्याशिवाय खांब हलत नाही. यांनाच शोधायला गेलेत ते. अहो, तुम्हाला वाटेत भेटले नाहीत? टोपी होती डोक्यावर."

"नाही," मी म्हणालो. खिशात टोपी मुठीत धरली होती. पुन्हा मागे जावं, टोपी घालून यावं, असं मनात आलं. पण टोपीवाला सापडला असता तर हिचा नवरा हरवला असता. तिला दोघं हवे होते आणि मी एकटाच होतो.

"अहो, टोपीवाले!" ती खाली वाटेकडे तोंड करून हाका मारू लागली. "या परत! आमचे हे आले!"

बराच वेळ झाला तरी आम्ही दिसलो नाही, तेव्हा होकायंत्र वरून उतरून आले. त्यांनी नर्सबाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिने त्यांना काही विचारू दिलं नाही.

"एक जण सुटला माझ्या हातून," ती म्हणाली. "भला माणूस होता. माझ्यासाठी उभा होता."

तिने गळ्यातला रुमाल सोडला. औषधाची पुडी बांधावी तशी कोपऱ्याला कोपरा जुळवून त्याची घडी केली आणि त्यांच्या हातावर ठेवली. "आता मला देऊ नका. माझ्याकडून आजवर असं झालं नव्हतं."

"वहिनी, अहो, तो रुमाल तुमचाच..." होकायंत्रांनी रुमाल परत तिच्यापुढे केला.

"नको. माणूस हरवलाय."

शेवटी, आपण माणसं पाठवून त्या गृहस्थांना शोधून आणतो, असं त्यांनी कबूल केलं तेव्हा कुठे ती निघायला तयार झाली. रुमाल हातात घेऊन ते थोडे घुटमळले. मग त्यांनी तो माझ्या गळ्यात बांधला.

पुढे होकायंत्र, मग नर्सबाई, मग ती आणि शेवटी मी. दर चार पावलांवर ती मागे वळून, माझ्या खांद्यावरून त्या फाट्याकडे बघत होती. चढ सुरू झाला. हाका मारून तिचा घसा सुकला होता आणि तिला धाप लागली होती. पण तीही थांबू या म्हणणार नव्हती.

"जरा थांब ग," मी म्हणालो. "माझी नाडी सुटली."

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "एक गाठ धड मारता येत नाही," ती म्हणाली, पण कुठल्या आवाजात ते मला ओळखता आलं नाही. मी खाली वाकलो. माझे बूट बिननाड्यांचे आहेत. वाकताना माझे गुडघे दुखतात म्हणून तिनेच ते आणले होते. तिचा श्वास खाली बसेपर्यंत मी तसाच वाकून राहिलो.