तिच्याशिवाय न उघडणारं कुलूप

जीप औषधांच्या दुकानापाशी डावीकडे वळली, तशी चावीताईने मांडीवरची हत्यारांची पिशवी घट्ट धरली. हा तर तिच्या घराचा रस्ता. असू दे, तिने मनाशी म्हटलं, या रस्त्याला काय माझं एकटीचंच घर आहे?

चावीताईच्या हाताची ख्यातीच तशी. कुलपं म्हणे तिला बघूनच दात विचकायची. एकदा एका तिजोरीपुढे ती नुसती शिंकली, तर तिजोरी उघडली, आणि आतला उंदीर म्हणाला, शतायुषी व्हा. बँकेने घर ताब्यात घ्यायचं ठरवलं, की दार उघडायला आणि नवं कुलूप बसवायला तिलाच नेत. तिची अट एकच: घर कोणाचं, ते मला सांगायचं नाही, नाव कळलं की हात कापतो. वसुलीचे साहेब ती इमानदारीने पाळायचे. तिचं लग्न झाल्याचं त्यांच्या कानावर होतं. कोणाशी, ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

पिठाची गिरणी मागे पडली. उतार लागला.

"साहेब," ती सहज विचारल्यासारखं म्हणाली, "नवऱ्याने लग्नाआधी घर गहाण टाकलं असेल, तर ते कर्ज बायकोच्या डोक्यावर बसतं का हो?"

"तिने कुठे सही केली नसेल तर नाही. तिचं जे काही असेल ते तिचंच. पण घर जातंच. त्यात मागाहून कोण राहायला आलं, ते घराला काय कळतंय?"

सही तिने कुठेच केली नव्हती. हुश्श वाटायला हवं होतं.

नवऱ्याचं लाकडी सामानाचं दुकान बुडालेलं, ते तिला ठाऊक होतं. घर मात्र वडिलांचं, कर्जातून मोकळं, असं तो म्हणाला होता. टपाल आणायला तो स्वतः खाली जायचा. तू दमतेस, म्हणायचा. उशिरा लाभलेलं हे कौतुक ती शेजारणीला रंगवून सांगायची. परवा परवा तर लाडात येऊन म्हणाला होता, दाराला असं कुलूप बसव, की तुझ्याशिवाय कोणाच्या बापाला उघडता येऊ नये. तिने जीव ओतून बसवलं होतं.

जीप थांबली. जिना चढून साहेबांनी दार ठोठावलं. आतून हूं नाही की चूं नाही. चावीताई गुडघ्यांवर बसली आणि नेहमीसारखा कुलपाला कान लावला. पलीकडे कोणीतरी तसंच टेकून बसलं होतं. तो श्वास तिच्या ओळखीचा होता. तिच्या हत्यारांची खुळखुळ त्यानेही ओळखली असावी.

"अगं," फटीतून कुजबुज आली, "उघडत नाही म्हणून सांग ना. तुझं ऐकतील."

ऐकलं असतं. चावीताईला जमलं नाही म्हटल्यावर दुसऱ्या कोणाला बोलवायचं?

"अवघड आहे का, ताई?" साहेबांनी मागून विचारलं.

तिने पिशवीतून ड्रिल काढलं. परत ठेवलं. मग कमरेचा जुडगा सोडला, त्यातली एक चावी वेगळी केली आणि दार उघडलं.

साहेब आधी जुडग्याकडे आणि मग दारात उभ्या माणसाकडे बघत राहिले. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं.

"ताई, मला खरंच..."

"अट माझीच होती," ती म्हणाली.

दोघांचं सामान बाहेर आलं. नवं कुलूप तिनेच बसवलं, ओढून, हिसडून पाहिलं आणि चाव्या साहेबांच्या हातावर ठेवल्या. नवरा जिन्यापाशी गादीची वळकटी घेऊन उभा होता.

"जरा ढिलं ठेवायचं होतंस," तो हळूच म्हणाला.

"ढिलं माझ्या हाताला येत नाही."

ती आपल्या कुलपांच्या दुकानाच्या दिशेने चालू लागली. दुकानामागे एक खोली होती, जेमतेम पाय पसरण्यापुरती. तो वळकटी सावरत मागे येत होता. गिरणीपाशी आल्यावर तिने मागे न बघता विचारलं,

"अजून काय काय गहाण आहे?"

मागची पावलं वाजायची थांबली.