खोट्या डोंगराची सहल

चौतीस वर्षं मी पॉम्पेईत गाईड होते. हिरवी छत्री उंच धरायची आणि मागून चाळीस माणसं हाकत न्यायची. भर ऑगस्टातही माझ्या हातून कधी माणूस हरवला नाही. एक डॅनिश म्हातारा तेवढा हरवला होता, पण तो बायकोला चुकवायला मुद्दाम हरवला होता, त्याचं खापर माझ्यावर फोडायचं नाही.

आणि अशा मला माझी पोटची पोर सांगते, "मम्मा, तिथे आपण गाईड घेतलाय."

मी मॅकरोनी चाळणीत ओतत होते. अर्धी बेसिनमध्ये गेली.

"कुणासाठी?"

"आपल्यासाठी. पाच राइड्सना रांग लावावी लागत नाही. शिवाय पडद्यामागचं सगळं दाखवतात."

"ओर्नेला, ह्या घरात एक गाईड आहे. ती मेली की मग दुसरी आणा."

"झालं सुरू!" ओर्नेला म्हणाली. जावई दानिलो टेबलाशी बसून पावाचा कडक तुकडा चघळत होता. शहाणा माणूस, मायलेकींच्या मध्ये कधी पडत नाही.

"तिथे" म्हणजे लुनारिया पार्कात, बोलोन्याच्याही पलीकडे. आमच्या घराण्यातलं कुणी आजवर असल्या ठिकाणी गेलं नव्हतं. जत्रेतला पाळणा, संताच्या दिवशीचे फटाके, बास. पण दानिलोला श्टुटगार्टला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि जुलैच्या मध्यावर तिघंही बिऱ्हाड हलवणार होती. तेव्हापासून माझी नात नोएमी, वय वर्षं नऊ, मुकी झाली होती. म्हणजे एरवी बडबडायची, पण कुणी "जर्मनी" म्हटलं की उठायची, न्हाणीघरात जायची आणि कडी लावून घ्यायची. एकदा दीड तास बसली. शेवटी ओर्नेलानं तिला लुनारियाचं आमिष दाखवलं. सरळ सांगायचं तर लाचच ती.

मला लाचेबद्दल काही म्हणायचं नव्हतं. मला एवढंच हवं होतं, की हा दिवस पोरीच्या लक्षात राहावा. उद्या ती फाडफाड जर्मन बोलायला लागेल, तेव्हा "नोन्ना", म्हणजे आजी, म्हटल्यावर तिला काहीतरी आठवायला हवं की नको? आणि कशाचा काही नेम नाही, हे मी धंद्यात शिकलेय. माझे पर्यटक घरी गेल्यावर पत्रं पाठवायचे. भिंतींवरच्या चित्रांबद्दल एकानंही कधी लिहिलं नाही. सगळ्यांनी लिहिलं ते सावलीत झोपलेल्या कुत्र्याबद्दल.

म्हणून मी कसून तयारीला लागले. अकरा पानं झाली. गर्दी नेहमी दारातून उजवीकडे वळते, तेव्हा आपण डावीकडून सुरुवात करायची. बाराच्या आत संडास उरकायचे. चुकामूक झाली तर भेटायच्या तीन जागा. खायला मॅकरोनीचा फ्रित्ताता, म्हणजे अंडी घालून तव्यात भाजलेला जाड थर, माणशी तीन तुकडे, आणि तळलेली वांगी.

"मम्मा, तिथे खायला मिळतं," ओर्नेला म्हणाली.

"मिळतं गं. पण ते खाल्लं म्हणून पोट भरतं का?"

"जनरल, मी ते पानांवरचं सगळं पाठ करायचं का?" दानिलोनं विचारलं. माझ्या पाठीमागे तो मला जनरल म्हणतो हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी तोंडावरच म्हणाला.

एवढ्यात दाराची घंटी वाजली. मी हात पुसत गेले. माझ्या घराची किल्ली एकच, आणि ती दोरीत ओवून माझ्या गळ्यात असते, शेजारी दृष्ट लागू नये म्हणून पोवळ्याचं शिंग. ओर्नेलानं विसाव्या वर्षी तिची किल्ली कुठल्याशा नाचाच्या ठिकाणी हरवली, तेव्हा मी कुलूप बदललं आणि शपथ घेतली, आता नवऱ्याशिवाय कुणालाही किल्ली नाही. चिरो, माझा नवरा, गेला तेव्हा त्याची त्याच्याबरोबर शवपेटीत ठेवली आणि ओर्नेलानं मागितली तरी दिली नाही. घंटी वाजवा, मी आहे ना! दारात नोएमी होती. दोन गल्ल्या सोडून राहते आणि शाळा सुटली की रोज माझी घंटी वाजवते.

"नोन्ना, मी वाट बघून बघून थकले."

"अर्धं मिनिट झालं असेल, नाटकी!" मी म्हणाले आणि तिला आत घेतलं.

जूनच्या अखेरीस, शाळा संपल्यावर, आम्ही निघालो. आदल्या दिवशी गाडीनं नऊ तास, मग एका स्वस्त हॉटेलात मुक्काम. सकाळी नऊ वाजता लुनारियाच्या फाटकाशी आमची गाईड उभी. जियादा नाव. तेवीसेक वर्षांची, उत्तरेकडची, पिवळा टीशर्ट, हातातल्या काठीवर कापडाचं सूर्यफूल. आमच्याबरोबर आणखी दोन कुटुंबं होती.

"सुप्रभात मंडळी! आज मी तुमची..."

मी ओर्नेलाच्या कानाशी लागले. "हिनं आपल्याला उन्हाकडे तोंड करून उभं केलंय. गाईडनं ऊन स्वतःच्या तोंडावर घ्यायचं असतं. पहिला धडा आहे तो!"

"मम्मा, तू आज पर्यटक आहेस. पर्यटकासारखी वाग."

"वागते की. पर्यटकही कुरकुरतातच."

पण खोटं कशाला बोलू, पोरगी वाईट नव्हती. भुताच्या वाड्यात मागच्या दारानं नेऊन तिनं आम्हाला भुतांच्या मोटरी दाखवल्या. पाण्याच्या राइडवर दानिलो असा किंचाळला की नोएमी पोट धरून हसली. मला वाटलं, चला, हे राहील लक्षात. पण उतरताना ओर्नेला बोलून गेली, "तिकडेसुद्धा असलं पार्क आहे हं, घरापासून तासाभरावर." झालं! पोरीचा चेहरा पडला आणि ती न्हाणीघर शोधायला लागली. मी ओर्नेलाला असा चिमटा काढला की ती शाळेत असताना पण काढला नसेल.

मग आम्ही चौथ्या राइडला आलो आणि मी जागच्या जागी थांबले. समोर व्हेसुव्हियस! आमचा डोंगर! फायबरचा, चार मजली, वर लाल धूर, आणि खाली "पॉम्पेई" म्हणून एक गल्ली. त्या गल्लीतून जाऊन गाडीत बसायचं, डोंगराच्या पोटात शिरायचं आणि लाव्ह्याबरोबर खाली यायचं.

"ह्यांना दुसरा डोंगर मिळाला नाही?" मी म्हणाले.

तेवढ्यात डोंगर गडगडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही चौघांनी मात्र अरिष्ट टळावं म्हणून क्षणात हाताची शिंगं करून बोटं जमिनीकडे रोखली. विचार करायला वेळ कुठे असतो, हात आपोआप जातो. आमच्या पुढे एक टक्कल पडलेला माणूस होता, त्यानंही तेच केलं. आमची नजरानजर झाली.

"कुठले?" मी विचारलं.

"पोर्तिचीचे. तुम्ही?"

"तोर्रेचे!" दोन्ही गावं त्याच डोंगराच्या पायथ्याची.

मग काय, दोन मिनिटांत फ्रित्ताता बाहेर निघाला आणि त्यांच्याकडची जर्दाळूही. जियादा बघतच राहिली.

आणि तेवढ्यात राइड बंद पडली. भोंग्यातून बाई म्हणाली, तांत्रिक कारण, कृपया थांबा. बाहेरची मोठी रांग आम्ही टाळली होती, पण गल्ली सोडून जावं तर पाळी जाते. गल्लीत ऐंशी माणसं, डोक्यावर पत्रा, पोरं रडायला लागलेली. जियादानं तिला येत होतं तेवढं सगळं सांगितलं: डोंगर फुटला, शहर गाडलं गेलं, राइडचा वेग इतका. मग तिचे शब्द संपले. नोएमी एका पोकळ खांबाला टेकून बसली होती, तोंड गुडघ्यात.

जियादा माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "सिन्योरा, तुमच्या मुलीनं मला सकाळीच सांगितलं तुम्ही कोण ते. मी कधी पॉम्पेई बघितलेलं नाही. मला एक कागद देतात, तो मी पाठ करते." आणि तिनं सूर्यफुलाची काठी माझ्यापुढे धरली.

सकाळपासून मी ह्याच क्षणाची वाट बघत होते, कबूल करते. पण पोरीचे कान लाल झाले होते. मला माझं पहिलं वर्ष आठवलं आणि मनातला सगळा खवटपणा निघून गेला.

मी पिशवीतून माझी जुनी हिरवी छत्री काढली. "धर ही, बघ आणि शीक," मी म्हणाले आणि काठी घेतली.

मी खांबावर टकटक केलं. "मंडळी, हा पोकळ आहे. खरे आत विटांचे असतात. आणि हे बघा, ह्यांनी भट्टीत पिझ्झा ठेवलाय, वर टोमॅटो! अहो, टोमॅटो तिथे पोचायला अजून दीड हजार वर्षं होती!" लोक हसले. "खऱ्या भट्टीत काय सापडलं सांगू? एक्याऐंशी पाव. सकाळी कुणीतरी पाव भट्टीत टाकले आणि ते काढायला कुणी परत आलंच नाही."

रडणारी पोरं गप्प झाली. मी त्यांना रस्ता ओलांडायचे दगड सांगितले, दारातल्या फरशीवरचा रंगीत खड्यांचा कुत्रा सांगितला. बोलता बोलता बघितलं, तर नोएमीनं गुडघ्यातून डोकं वर काढलं होतं. ही पोर डोंगराच्या पायथ्याशी जन्मली, तिच्या आजीनं जगभरच्या लोकांना ते शहर दाखवलं, आणि तिला मी एकदाही नेलं नव्हतं. आमच्यातलं कुणीच जात नाही. कुठे पळून जाणार आहे, बघू कधीतरी, असं म्हणत राहिलो. शहर नाहीच पळालं, पळून निघाली होती ती पोर.

"नोन्ना," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "पळताना त्यांनी बरोबर काय नेलं?"

चौतीस वर्षांत हा प्रश्न मला लोकांनी शेकडो वेळा विचारलाय. उत्तर तोंडात तयार असतं.

"कुणी दागिने नेले, कुणी दिवा. आणि कितीतरी जणांपाशी सापडली ती घराची किल्ली. दाराला कुलूप लावून निघाले होते."

"पण घर तर गाडलं जाणार होतं ना?"

"त्यांना काय ठाऊक, बाळा! त्यांना वाटलं, आपण परत येणार."

भोंगा वाजला, राइड सुरू झाली, लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या आणि पोर्तिचीच्या टकल्यानं माझ्या हाताचं चुंबन घेतलं. डोंगराच्या पोटात मी इतकी किंचाळले की माझा दातांचा वरचा संच हलला.

उतरल्यावर सावलीतल्या बाकावर बसून आम्ही उरलेला फ्रित्ताता काढला. नोएमीनं हातातला तुकडा खाल्ला नाही.

"नोन्ना, तुझ्या घराची किल्ली मला दे."

दानिलो चघळायचा थांबला. ओर्नेला म्हणाली, "अगं, नोन्ना कुणाला किल्ली देत नाही. मलासुद्धा नाही दिली."

"पण मी जर्मनीला जाणारेय ना?" तीन महिन्यांत पहिल्यांदा तो शब्द तिच्या तोंडून आला. "आणि मग मी परत येणारेय. मग मला किल्ली लागेल."

मी गळ्यातली दोरी काढली. गाठ मानेपाशी केसांत अडकली, दोन केस तुटले. दोरी शिंगासकट तिच्या गळ्यात घातली. ती तिच्या बेंबीपर्यंत आली. तिनं किल्ली टीशर्टाच्या आत सोडली आणि मग फ्रित्ताता खाल्ला, दोन्ही तुकडे, माझ्या वाट्याचाही.

"मम्मा," ओर्नेला डोळे पुसत म्हणाली, "मग आता तुझ्या घरात जायचं कसं?"

"हिच्या मागून," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तोर्रेला पोचलो. माझ्याच दारात मी पिशव्या घेऊन उभी, आणि नोएमी पुढे. तिनं दोनदा किल्ली फिरवली, दार ढकललं आणि हात वर करून म्हणाली, "चला मंडळी, माझ्या मागून या, कुणी हरवू नका." मी गेले बाई गुमान.

त्यानंतरच्या रविवारी मी तिला खऱ्या शहरात नेलं. आणि ते तिघं जर्मनीला निघाले त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडे गेलो. त्यानं नोएमीच्या गळ्यातली किल्ली हातात घेऊन बघितली आणि विचारलं, "मुलीसाठी एक काढायची ना, सिन्योरा?"

"नाही," मी म्हणाले. "ती तिचीच आहे. माझ्यासाठी एक काढा."