‘दुखत नाही’ म्हणायचं

सकाळपासून ती नवऱ्याकडून एकच धडा घोकून घेत होती.

“नर्स विचारेल, डोकं दुखतं का? काय सांगायचं?”

“दुखतंय की.”

“अहो, दुखत नाही म्हणायचं!”

मास्तर मान डोलवायचे. जन्मभर गिऱ्हाइकांची मापं तोंडपाठ ठेवणारा हा शिंपी हल्ली स्वतःच्या शर्टाला तिसरी बाही शोधायचा. मेंदूत प्रथिनांची पुटं साचलीत, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. ती साफ करायला मेंदूच्या स्वतःच्या राखणदार पेशी असतात. पण वय झालं की त्या सुस्तावतात, नाहीतर चवताळून चांगले धागेही कुरतडतात. सलाईनमधलं औषध पुटांवर खूण करतं, म्हणजे पेशी नेमक्या त्यांच्यावरच तुटून पडतात.

“पण डोकं दुखलं की लगेच सांगा,” त्यांनी बजावलं होतं. “आत सूज येते, कधी रक्तस्राव होतो. मग औषध थांबवावं लागतं.”

“म्हणजे राखणदारच घरात धुडगूस घालणार,” नणंद म्हणाली होती. “माझ्या भावाचं नशीबच मेलं असलं!”

थांबवावं लागतं, एवढंच तिच्या मनात रुतून बसलं. वर्षभर नवरा तिला ‘अहो बाई’ म्हणत होता, परक्यासारखा. औषध सुरू झालं आणि गेल्या आठवड्यात मात्र “अगं, चहात साखर कोण घालणार?” म्हणून खेकसला. ती मोरीत जाऊन पोटभर रडली. आता औषध सोडायचं? डोकं काय, सगळ्यांचंच दुखतं.

दवाखान्यात नर्सने सुई टोचली, नळी जोडली.

“काका, डोकं दुखतं का?”

“दुखत नाही,” मास्तर खणखणीत आवाजात म्हणाले. एक डोळा गच्च मिटलेला, बोटं कपाळात रुतलेली. दुसऱ्या हातातला पाण्याचा पेला तिरका होत होता, पाणी मांडीवर सांडत होतं, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

औषध सुरू करायला नर्सचा हात नळीच्या चाकावर गेला.

“नका सुरू करू!” ती ओरडली. “दुखतंय त्यांना. किती दिवस दुखतंय. मीच पढवलंय!”

नर्स डॉक्टरीणबाईंना बोलवायला धावली. मास्तर भडकले.

“अगं, तूच म्हणालीस ना, दुखत नाही म्हणायचं? सकाळपासून लक्षात ठेवलंय मी!”

डॉक्टरीणबाई आत येताच तिने त्यांचा हातच धरला. “ऐकलंत? लक्षात ठेवलंय त्यांनी! डॉक्टर, लक्षात ठेवलंय!”

“ऐकलं,” त्या म्हणाल्या. हात हळूच सोडवून त्यांनी सुई काढली आणि त्या जागी कापूस दाबून धरला.