कपाळावरची फांदी

हत्तीण सुक्या नदीच्या वाळूत कुशीवर पडली होती. दात मुळापासून तोडून नेलेले, तोंडाचा पार चेंदामेंदा. लेंगेवाची वनरक्षकाच्या नोकरीत चौदा वर्षं गेली, पण असं काही बघितलं की त्याला दिवसभर घास गिळवत नसे. या एका गोष्टीची मेली सवयच होत नाही.

"सरहद्दीपलीकडची टोळी असणार," मुतुकू साहेब म्हणाले. "आता कुठली सापडायला."

लेंगेवा हत्तिणीजवळ वाकला. हत्तिणीच्या कपाळावर हिरवी फांदी होती, तिला मूठभर गवत बांधलेलं. मेलेल्या हत्तीला हिरवं वाहिल्याशिवाय लेंगेवाच्या सांबुरू जमातीतला माणूस पुढे जात नाही. हत्ती एकेकाळी आपल्याच घरात नांदत होते, हे त्याला आईने सांगितलेलं असतं. फांदीपाशी टायरच्या चपलेचा ठसा होता, टाचेवर आडवा टाका. तोच ठसा तोडलेल्या दातांपाशी रक्तातही उमटला होता. तो टाका गेल्या महिन्यात लेंगेवानेच घातला होता, लेटिपिलाच्या चपलेला.

वयात येताना दोघांची सुंता एकाच पहाटे झालेली. अशा सोबत्याला दूध नाकारत नाहीत, आसरा नाकारत नाहीत. त्याच्याकडे बोट दाखवणं तर लांबच राहिलं.

साहेबांचं लक्ष फांदीकडे गेलं. "ही तू ठेवलीस का रे?"

हो म्हटलं की मिटलं. ठशांवरून पाय फिरवायला असा कितीसा वेळ लागतो?

"नाही, साहेब," लेंगेवा शेवटी म्हणाला. "मारणाऱ्यानेच ठेवलीय. मी आणतो त्याला. एकटाच जातो."

लेटिपिला बाभळीखाली शेळ्या राखत बसला होता. लेंगेवाचा चेहरा बघून तो सरकला आणि सावलीत जागा करून दिली.

"कळलं कसं?"

"फांदी ठेवून आलास ना, शहाण्या."

"मग काय, तशीच टाकून येऊ?" लेटिपिला खरोखरच चिडला. "आपलीच ना ती?"

लेंगेवाला रागही आला आणि रडूही. "आणि कुऱ्हाड घातलीस तेव्हा कोणाची होती?"

लेटिपिलाने नेहमीसारखा दुधाने भरलेला वाळका भोपळा आधी लेंगेवापुढे धरला. लेंगेवा प्यायला, सोबत्याचं दूध नाकारत नाहीत. भोपळा रिकामा झाल्यावर दोघांनी मिळून शेळ्या घराकडे वळवल्या आणि साहेब थांबले होते त्या नदीची वाट धरली.